फाशांचा हिशेब मांडणारा वैद्य

मोठ्या आजाराचं निदान झालं की बहुतेक रुग्णांचा पहिला प्रश्न औषधाबद्दल नसतो. मलाच का, हा असतो. तंबाखू नाही, दारू नाही, घराण्यात कुणाला नाही, मग मीच का? डॉक्टरांकडचं उत्तर बहुधा टक्क्यांत असतं. इतक्या लोकांमागे इतक्यांना हा आजार होतो, त्यातले इतके बरे होतात. उत्तर खरं असतं, पण ऐकणाऱ्याला ते आपल्याला दिलेलं वाटत नाही. नशीब, पूर्वसंचित, ग्रहदशा, कुणाची तरी दृष्ट ही उत्तरं निदान त्या एका माणसासाठी असतात. म्हणून तर दवाखान्यातून निघालेली माणसं पत्रिका घेऊन दुसऱ्या दारातही जातात. या दोन्ही दारांच्या आत एकाच वेळी बसलेला एक माणूस सोळाव्या शतकात इटलीत होऊन गेला. तो नावाजलेला वैद्य होता, ज्योतिषी होता, अट्टल जुगारी होता आणि शक्यतेचं गणित लिहून काढणारा पहिला माणूसही होता. त्याचं नाव जेरोलामो कार्दानो.

पाविया गावी २४ सप्टेंबर १५०१ रोजी तो जन्मला, तोही मोठ्या मुश्किलीने. आई क्यारा ही तीन मुलांची विधवा. वडील फात्सिओ मिलानमधले वकील आणि भूमितीचे इतके जाणकार की लिओनार्दो दा विंची त्यांचा सल्ला घेई. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. गर्भ पाडण्याची औषधं क्याराने घेऊन पाहिली होती, ती लागू पडली नाहीत. मिलानमध्ये प्लेग पसरला म्हणून ती पावियाला आली आणि तिथे बाळंत झाली. मूल निपचित होतं. कोमट वाइनमध्ये बुडवून त्याला शुद्धीवर आणलं गेलं. त्याची पहिली दूध पाजणारी दाई प्लेगने गेली. क्याराची आधीची तिन्ही मुलंही मिलानमध्ये प्लेगनेच गेली. जे पोर नको होतं, तेवढं जगलं.

या घटनेला काय म्हणायचं? कार्दानोने आयुष्यभर तिला ग्रहांची करणी मानलं. त्या काळी युरोपात जवळपास निम्मी मुलं मोठी होण्याआधीच दगावत. कोणती जगतील हे सांगता येत नसे, पण काही तरी जगणारच होती. जगलेल्यांपैकीच कुणी पुढे आत्मचरित्र लिहितो, आणि मग आपण कशासाठी तरी वाचलो असं त्याला वाटणं साहजिक असतं. गेलेली तीन भावंडं आपली बाजू मांडायला उरलेली नसतात.

आजारपण मात्र त्याच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. छातीची धडधड, निद्रानाश, मूळव्याध, अंतर्गळ, संधिवात अशी स्वतःच्या दुखण्यांची मोठी यादी त्याने आत्मचरित्रात दिली आहे. बोलताना तो अडखळे. स्वभाव तिखट, जिभेला हाड नाही, आणि भांडण लावून घेण्यात हातखंडा. पावियात आणि मग पादुआत त्याने वैद्यक शिकलं. तिथे वैद्यकाची पदवी मतदानाने मिळत असे. दोनदा नाकारला गेल्यावर तिसऱ्यांदा तो निवडला गेला. त्याआधी वडील गेले होते आणि मागे फारसं काही ठेवून गेले नव्हते. पोटासाठी त्याने जो धंदा धरला, तो होता जुगार.

जवळजवळ पंचवीस वर्षं तो फासे खेळला आणि त्याहून जास्त वर्षं बुद्धिबळ, तेही पैसे लावून. व्हेनिसमधला त्याचा एक किस्सा त्यानेच लिहून ठेवला आहे. एका सरदाराच्या घरी पत्ते खेळताना तो कपडे आणि अंगठ्यांसकट सगळं हरला. मग पत्त्यांवर खुणा आहेत हे त्याच्या लक्षात आलं. त्याने खंजीर काढून यजमानाच्या चेहऱ्यावर वार केला, आपले पैसे उचलले आणि पळ काढला. रात्री अंधारात लपतछपत जाताना पाय घसरून तो कालव्यात पडला. हाताला लागली त्या होडीत कसाबसा चढला, तर आत चेहऱ्याला पट्टी बांधून तोच यजमान बसलेला! त्या गृहस्थाने त्याला चक्क कोरडे कपडे दिले. कार्दानोच्या लिखाणात अशा गोष्टी पानोपानी भेटतात. त्यात थोडं तिखटमीठ असणार हे धरूनच त्या वाचाव्यात.

जुगारी शेकड्याने होते आणि आहेत. कार्दानोचं वेगळेपण हे की हरत-जिंकत असताना तो मोजत होता. दोन फासे टाकले तर किती प्रकारे पडू शकतात? पहिल्याच्या सहा बाजू आणि त्या प्रत्येकीसोबत दुसऱ्याच्या सहा, म्हणजे एकूण ३६. त्यांत निदान एका फाशावर सहा येईल असे प्रकार ११. म्हणून डाव ३६ मध्ये ११ असा आहे. दोन फाशांची बेरीज नऊ येण्याचे प्रकार चार, दहा येण्याचे तीन, म्हणून नऊवर पैसे लावणं थोडं बरं. आज शाळेतलं पोरही हे करतं. पण हवे असलेले प्रकार वर आणि सगळे शक्य प्रकार खाली मांडायचे, ही रीत त्याच्या आधी कुणी नियम म्हणून लिहून ठेवलेली सापडत नाही. आपल्या नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण झाडावरची पानं आणि फळं नजरेने मोजतो आणि अश्वविद्येच्या बदल्यात नलाला फाशांची विद्या देतो. म्हणजे मोजणी आणि फासे यांचं नातं आपल्याकडे फार पूर्वी कुणाला तरी जाणवलं होतं. पण तिथे ती विद्या मंत्रासारखी हाती येते. कार्दानोने ती हिशेबासारखी मांडली.

हिशेब चुकतही होता. एका फाशाला सहा बाजू, म्हणून ठरावीक आकडा तीन फेकींत निदान एकदा येण्याची शक्यता निम्मी, असं त्याने आधी लिहिलं. प्रत्यक्षात ती सुमारे ४२ टक्के भरते. लागोपाठच्या फेकींमध्ये शक्यता बेरजेने नव्हे तर गुणाकाराने चालतात, हे त्याला पुढे उमगलं. सम आकडा पडण्याची शक्यता निम्मी, तर लागोपाठ तीनदा सम पडण्याची आठात एक. गंमत म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही त्याच्या हस्तलिखितात तशाच राहिल्या आहेत. डाव फार वेळा खेळला तर निकाल या हिशेबाच्या जवळ जातो, याची अंधुक जाणीवही त्याला झालेली दिसते. आणि थोड्याच फेकींत निकाल हिशेबापासून दूर गेला तर? त्या फरकाला तो नशीब म्हणत असे. त्याच्या लेखी ती खरोखरच एक शक्ती होती, काही माणसांच्या बाजूने आणि काहींच्या विरुद्ध काम करणारी.

खुद्द स्वतःबद्दल त्याची खात्री होती की ती शक्ती विरुद्ध बाजूला आहे. त्याच्या पत्रिकेनुसार चाळिशी, फार तर पंचेचाळिशी, यापुढे आयुष्य नव्हतं. ज्योतिषांनी तसं सांगितलं होतं आणि तो स्वतः ज्योतिष जाणत असल्याने ते त्याला पटलंही होतं. परिणाम काय झाला? थोडीच वर्षं उरली आहेत म्हटल्यावर पुढचा विचार कशाला करायचा, अशा बेहिशेबी वृत्तीने त्याने तारुण्य घालवलं. या भाकिताने आपलं किती नुकसान केलं हे त्याने म्हातारपणी लिहिलं आहे. जे वर्ष शेवटचं ठरायचं, तिथूनच त्याच्या आयुष्याला बहर आला. तरीही ज्योतिष त्याने सोडलं नाही. रुग्णाला किती दिवस उरले हे सांगताना डॉक्टर आज इतके जपून का बोलतात, हे समजायला हा प्रसंग पुरेसा आहे.

बहर येण्याआधीची वर्षं अगदी वाईट होती. एकविशीपासून एकतिशीपर्यंत तो लैंगिकदृष्ट्या असमर्थ होता. हे त्याने स्वतः लिहिलं आहे आणि त्याचं कारणही पत्रिकेतच शोधलं आहे. अनौरस जन्माचं निमित्त करून मिलानच्या वैद्यसभेने त्याला दारातूनच परत पाठवलं. लग्न झालं, मूल झालं, बायकोचे दागिने गहाण पडले आणि एक वेळ अशी आली की कुटुंब गरिबांसाठीच्या आश्रयगृहात राहिलं. १५३४ मध्ये मिलानला गणित शिकवण्याची नोकरी मिळाली. परवाना नसताना रुग्ण तपासणं चालूच होतं. १५३६ मध्ये त्याने प्रचलित वैद्यकातल्या चुकांवर एक झणझणीत पुस्तक लिहून स्थानिक वैद्यांना आणखी डिवचलं. टायफस या तापाच्या सुरुवातीच्या वर्णनांमध्ये त्याच्या वर्णनाचा उल्लेख होतो, तेही याच काळातलं. अखेर १५३९ मध्ये वैद्यसभेने दार उघडलं आणि १५४३ मध्ये तो पावियात वैद्यकाचा प्राध्यापक झाला. १५४५ चं ‘आर्स माग्ना’ हे बीजगणिताचं पुस्तक आणि त्यावरून तार्ताल्याशी झालेला वाद गणितवाल्यांना ठाऊक आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.

१५५२ मध्ये स्कॉटलंडहून बोलावणं आलं. सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन सुमारे दहा वर्षं दम्याने बेजार होते. मोठमोठ्या राजवैद्यांचे उपचार करून झाले होते. कार्दानोने काही आठवडे रुग्णाला नुसतं पाहिलं. तो कधी जेवतो, किती झोपतो, धाप कधी लागते, याची नोंद ठेवली. मग आहार हलका केला, झोप वाढवली, व्यायाम नेमून दिला आणि पिसांचं अंथरूण-उशी काढून टाकायला लावली. आर्चबिशपना आराम पडला आणि पुढेही तो टिकला. कार्दानो भरघोस मानधन घेऊन निघाला आणि त्याचं नाव युरोपभर झालं.

आजचा डॉक्टर हे वाचून पिसांशी थबकेल. पक्ष्यांची पिसं आणि त्यांतली धूळ काही रुग्णांचा दमा वाढवते, हे आपल्याला माहीत आहे. पण ॲलर्जी हा शब्दच १९०६ सालचा. कार्दानोचं कारण वेगळं होतं. पिसांच्या उबेने शरीरातले द्रव तापून डोक्याकडे चढतात, अशी त्याची समजूत होती. कारण चूक, उपाय कदाचित बरोबर. कदाचित अशासाठी म्हणायचं की दमा मुळातच चढ-उतार करणारा आजार आहे. माणूस दूरच्या देशातून वैद्य बोलावतो ते दुखणं शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेला पोहोचलेलं दुखणं बऱ्याचदा आपोआपही उतरतं. तेव्हा उपाय लागू पडला की फासा चांगला पडला, हे एका रुग्णावरून ठरत नाही. त्यासाठी अनेक रुग्ण लागतात. काहींच्या पिसांच्या गाद्या काढायच्या, काहींच्या राहू द्यायच्या, आणि मोजायचं. मोजण्याची अक्कल ज्याच्याकडे होती, त्याच्याच हातून हे व्हायला हरकत नव्हती. पण फाशांची पद्धत रुग्णांना लावावी हे त्याला सुचलं नाही. वैद्यकाला ते सुचायला पुढे काही शतकं जावी लागली.

परतीच्या वाटेवर लंडनमध्ये तो पंधरा वर्षांच्या राजा सहाव्या एडवर्डला भेटला. मुलगा हुशार आणि गोड होता, कार्दानोला फार आवडला. त्याने राजाची पत्रिका मांडली. तेविसाव्या वर्षी अशक्तपणा, चौतिसाव्या वर्षी त्वचेचा विकार आणि थोडा ताप, आणि ५५ वर्षं, ३ महिने, १७ दिवसांनंतर निरनिराळी दुखणी, असं भविष्य वर्तवलं. एडवर्ड जुलै १५५३ मध्ये, सोळावं वर्ष पूर्ण व्हायच्या आधीच, छातीच्या विकाराने वारला. कार्दानोने ही चूक लपवली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने ते भाकीत छापलं आणि आपलं कुठे चुकलं याचं लांबलचक स्पष्टीकरणही छापलं. मात्र या स्पष्टीकरणाचा निष्कर्ष पत्रिका पाहण्यात पुरेशी काळजी घेतली गेली नाही, इतकाच होता. शास्त्राकडे संशयाचं बोट वळलंच नाही. आणि दम्यातून उठलेल्या हॅमिल्टनना १५७१ मध्ये राजकीय धामधुमीत फासावर चढवण्यात आलं.

यानंतरचा भाग लिहायला जड जातो. कार्दानोचा थोरला मुलगा जांबातिस्ता, त्याचा लाडका, बापासारखाच वैद्य झाला. १५५७ च्या डिसेंबरात त्याने बापाच्या मनाविरुद्ध ब्रांदोनिया सेरोनी नावाच्या मुलीशी लग्न केलं. संसार सुरुवातीपासूनच विस्कटला. ही मुलं तुझी नाहीतच, असं ती त्याला उघड सुनावू लागली. त्याने तिला केकमधून विष घातलं. ती गेली, तो पकडला गेला. बापाने मिलानच्या न्यायालयात जिवाचं रान केलं. सून विषाने नव्हे तर तापाने मेली, असं वैद्यकीय मतही मांडलं. उपयोग झाला नाही. तिच्या घरच्यांनी समेटासाठी मागितलेली रक्कम त्याच्या आवाक्याबाहेरची होती. एप्रिल १५६० मध्ये जांबातिस्ताचा शिरच्छेद झाला. त्याला सव्विसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

त्या दिवसांत कार्दानोला उजव्या हाताच्या अनामिकेच्या मुळाशी रक्तासारखी लाल, तलवारीच्या आकाराची खूण दिसली. त्याच्या सांगण्यानुसार ती रोज वर सरकत गेली, शिक्षेच्या दिवशी बोटाच्या टोकाला पोहोचली आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरली. मुलाने लग्न केलं त्या रात्री आपला पलंग हादरला होता, हेही त्याला मागाहून आठवलं. मग आयुष्यभरातली स्वप्नं, कुत्र्यांचं रडणं, कानात वाजलेले आवाज, सगळं ओळीने लावून त्याने त्यात अर्थ शोधला.

दोन फाशांचे ३६ प्रकार मोजताना ज्याने छेदाचं महत्त्व ओळखलं, त्याने इथे छेद लिहिलाच नाही. हातावर किती वेळा लाल चट्टा उठला आणि काहीच घडलं नाही? किती रात्री पलंग हलल्याचा भास झाला आणि दुसरा दिवस नेहमीसारखा गेला? आपली आठवण घडलेल्या गोष्टींचा अंश तेवढा जपून ठेवते, न घडलेल्यांचा छेद पुसून टाकते. हे मेंदूचं नेहमीचं काम आहे आणि दुःखात तो ते जास्तच जोमाने करतो. कार्दानोला यासाठी वेडगळ ठरवणारे त्याच्या काळातही होते, आजही आहेत. मला ते अन्यायाचं वाटतं. मुलगा एकच होता आणि तो एकदाच गेला. बापाने छेद आणायचा कुठून? आणि शकुन खोटा मानला असता तर हाती उरलं असतं ते केवळ हे, की मुलगा चुकीच्या मुलीला भेटला आणि बाप पैसे उभे करू शकला नाही. त्यापेक्षा आधीच लिहिलेलं होतं असं मानणं सोसायला सोपं होतं.

अशी ओढाताण आजही होते. २०१५ मध्ये क्रिस्तियान तोमासेत्ती आणि बर्ट व्होगेलस्टाइन या संशोधकांनी एक निष्कर्ष मांडला. शरीराच्या एका अवयवात कर्करोग जास्त आणि दुसऱ्यात कमी का आढळतो, या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्या अवयवातल्या मूळ पेशी किती वेळा विभागतात याच्याशी जोडता येतो. पेशी विभागताना जनुकांची नक्कल होते, नकलेत अधूनमधून चूक होते, आणि ती कुठे होईल हे कुणीच ठरवत नाही. बातम्यांत याचं झालं दोन तृतीयांश कर्करोग निव्वळ दुर्दैवाने होतात असं, जे संशोधकांनी म्हटलेलं नव्हतं. अवयवांमधला फरक आणि माणसामाणसांमधला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तंबाखूचं पाप यातून धुतलं जात नाही. तरी काही रुग्णांना त्या बातमीने हलकं वाटलं असेल, आपण काही वावगं केलं नव्हतं म्हणून. आणि काहींना तीच बातमी असह्य झाली असेल.

कार्दानो मिलान सोडून १५६२ मध्ये बोलोन्याला गेला. अनाथ नातवाला त्याने जवळ ठेवलं. धाकटा मुलगा आल्दो जुगारी आणि चोर निघाला, त्याने बापाचंच घर फोडलं. फासे कुणी शिकवले, हा प्रश्न म्हाताऱ्याला पडला असेलच. १५७० मध्ये धर्मन्यायपीठाने त्याला अटक केली. त्याने ख्रिस्ताची पत्रिका मांडून छापली होती, त्याचा यात वाटा असावा असं मानतात. काही महिने कैदेत आणि मग नजरकैदेत काढल्यावर शिकवणं आणि पुस्तकं छापणं बंद, या अटीवर तो सुटला आणि रोमला गेला. तिथे मात्र पोपकडून निवृत्तिवेतन मिळालं आणि त्याने आत्मचरित्र लिहायला घेतलं. त्यात दुखणी, कपडे, मित्र, शत्रू, जुगार, मुलगा या सगळ्यांचा ताळेबंद आहे, एकेका प्रकरणात एकेक.

सप्टेंबर १५७६ मध्ये, पंचाहत्तरी भरायला काही दिवस असताना, तो वारला. स्वतःच्या मृत्यूचं भाकीत खरं ठरावं म्हणून त्याने अन्न सोडलं, अशी कथा इतरांनी मागाहून पसरवली. गोष्ट म्हणून झकास आहे, इतकंच.

फाशांवरचं हस्तलिखित त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. ते १६६३ मध्ये ल्यों शहरात निघालेल्या त्याच्या समग्र ग्रंथांच्या पहिल्या खंडात आलं. तोवर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ च्या पत्रव्यवहारात हाच विषय स्वतंत्रपणे आणि जास्त नेटका सोडवला होता. त्याच्या एकच वर्ष आधी, १६६२ मध्ये, लंडनच्या जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्याने शहरातल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या गोळा करून कोणत्या वयात, कोणत्या आजाराने किती माणसं जातात याची पहिली कोष्टकं छापली होती. त्या याद्या लंडनमध्ये सुरू झाल्या होत्या त्या प्लेगमुळेच.